टुरिंग बाइकचे मागचे शॉकअप किती टिकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडचा. २०१८ पासून रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ चालवतो. आज तिच्यावर ८६,००० किलोमीटर झालेत आणि तिला आता बसवलेला मागचा शॉकअप तिसरा आहे. आमच्या ग्रुपमध्ये क्लासिक, इंटरसेप्टर, डोमिनार, केटीएम अॅडव्हेंचर अशा सगळ्या गाड्या आहेत आणि लांबच्या राइडआधी मला पुन्हापुन्हा तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

नेमका आकडा सांगा. किती किलोमीटर?

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा 'तपासा' एवढंच लिहिलेलं असतं, 'अमुक किलोमीटरला बदला' असं नसतं. त्यामुळे मी सांगतो तो माझा आणि सोबत्यांचा अनुभव. एकटा चालवणारा, बरा रस्ता, मोजकं सामान असं असेल तर कंपनीचा मोनोशॉक (मागे दोनऐवजी एकच असलेला शॉकअप) ४० ते ५० हजार किलोमीटर धड काम करतो. मागे माणूस, दोन्ही बाजूंना पॅनियर (सामानाच्या पेट्या), वर टॉप बॉक्स आणि वाट्याला घाट, खड्डे, कच्चे रस्ते असतील तर २५ ते ३० हजारांतच त्याचा दम संपायला लागतो. दोन शॉकअपवाल्या साडेतीनशेच्या गाड्यांचं गणित साधारण याच्यापेक्षा थोडं कमीच.

पण 'संपला' म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. शॉकअप तुटून पडेपर्यंतचं आयुष्य मोजलं तर तो लाखभर किलोमीटरही गाडीला लटकलेला राहील. चाकाला रस्त्यावर धरून ठेवण्याचं त्याचं काम मात्र कधीच बंद पडलेलं असतं.

माझ्या गाडीवर ४५,००० झालेत, पण मला तर शॉकअप ठीक वाटतो. मग?

मलाही ठीकच वाटत होता. ४१,००० किलोमीटर झाले होते. एका रविवारी मित्राने सहज म्हणून माझी गाडी घेतली, मलकापूरपर्यंत जाऊन आला आणि हेल्मेट काढायच्या आतच म्हणाला, "अरे, मागचा शॉकअप गेलाय तुझा. होडीत बसल्यासारखं वाटतंय." मला पटलं नाही. त्याच आठवड्यात बायकोला मागे घेऊन चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाटात उताराला डावीकडचं वळण घेताना मध्येच डांबराचा उंच पॅच आला. गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला, खाली बसला, पुन्हा उचलला गेला, आणि तेवढ्यात गाडी वळणाच्या बाहेर, समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला हातभर सरकली. ट्रकवाल्याने वेळीच बाजू दिली. आम्ही पुढच्या टपरीवर थांबलो आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

शॉकअप एका दिवसात जात नाही. दर हजार किलोमीटरला तो किंचित ढिला होतो आणि आपलं शरीर त्याची सवय करून घेतं. वळणात आपण नकळत वेग कमी करतो, खड्डा दिसला की आधीच उठून उभे राहतो. म्हणून रोज चालवणाऱ्याच्या 'ठीक वाटतंय' या मतावर या बाबतीत माझा अजिबात विश्वास नाही, स्वतःच्याही नाही. एकतर आपल्यासारखीच, कमी चाललेली गाडी दहा मिनिटं चालवून बघा, नाहीतर मोजा. कसं मोजायचं ते खाली लिहिलंय.

आत झिजतं काय? स्प्रिंग बसते का?

बहुतेकांना शॉकअप म्हणजे स्प्रिंग वाटते, कारण डोळ्यांना तीच दिसते. पण स्प्रिंगचं काम वजन पेलणं. ती चांगल्या पोलादाची असते, लवकर थकत नाही. थकतो तो तिच्या आतला डॅम्पर. तेलाने भरलेली नळी, तिच्यात वरखाली होणारा पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यांच्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या. चाक खड्ड्यात गेलं की पिस्टन हलतो, तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं आणि धक्क्याची ताकद तिथे उष्णतेत बदलते. डॅम्पर नसेल तर स्प्रिंग गाडीला चेंडूसारखी उडवत राहील.

हे काम रोज हजारो वेळा होतं. तेल तापतं, पातळ होतं, त्यात धातूचा बारीक कीस मिसळतो, ते काळं पडतं. रॉडवरचं ऑइल सील कडक होतं. गॅसच्या शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजनचा दाब असतो, कारण दाब नसेल तर पिस्टन वेगाने हलताना तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल पिस्टनला अडवू शकत नाही. हा नायट्रोजनही वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातो. हे सगळं बंद नळीच्या आत घडतं, बाहेरून शॉकअप नव्यासारखा चकचकीत दिसतो.

ज्यांना या कामात रस आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्या देशातल्या दुचाकींचे कितीतरी शॉकअप आपल्याच महाराष्ट्रात, वाळूज, चाकण, नाशिक या पट्ट्यात बनतात. तिथे काम करणारा एखादा ओळखीचा असेल तर त्याच्याशी तासभर बोला. डॅम्पर कापून त्याचे भाग हातात घेतले की आयुष्यभराचं समजतं.

घरच्या घरी कसं तपासायचं?

मी तीन गोष्टी करतो आणि गाडीच्या वहीत लिहून ठेवतो. दर १०,००० किलोमीटरला.

पहिली, सॅग मोजणं. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी हवं. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा आणि टेपने अंतर घ्या. मग गाडी स्टँडवरून उतरवा, जॅकेट, हेल्मेट, बूट घालून बसा, कोणाला तरी पुढून हँडल धरायला सांगा, पाय फूटरेस्टवर घ्या आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ३० टक्क्यांजवळ तो असावा. हिमालयन ४११ च्या मागच्या चाकाची हालचाल १८० मिलिमीटर, म्हणून सॅग ५४ च्या आसपास. केटीएम ३९० अॅडव्हेंचरच्या २०२४ पर्यंतच्या मॉडेलची १७७, म्हणजे जवळपास तेवढाच. इंटरसेप्टर ६५० ची हालचाल फक्त ८८ मिलिमीटर, तिथे सॅग २६-२७ च्या पुढे गेला की खड्ड्यासाठी फार थोडी जागा उरते. ३५० आणि ६५० वाल्यांच्या पाठीची तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण सॅग फक्त स्प्रिंगबद्दल आणि वजनाबद्दल सांगतो. डॅम्पर पूर्ण मेला तरी सॅगचा आकडा जवळपास तोच येऊ शकतो. म्हणून गाडी सरळ उभी धरून मागची सीट दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि एकदम सोडा. चांगला शॉकअप दमाने वर येतो आणि थांबतो. गेलेला शॉकअप झटक्यात वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. हे डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. त्याहून चांगलं म्हणजे घराजवळचा एक स्पीडब्रेकर ठरवून ठेवा, ताशी २० च्या वेगाने त्यावरून जा आणि मित्राला बाजूने शूट करू द्या. माझ्याकडे नव्या शॉकअपचा आणि ३८,००० किलोमीटर झालेल्या शॉकअपचा, एकाच स्पीडब्रेकरवरचा व्हिडिओ आहे. पहिल्यात सीट एकदा वर येऊन स्थिर होते. दुसऱ्यात तीन वेळा हलते, आणि तिसऱ्या हिसक्यापर्यंत गाडी ब्रेकरच्या पुढे चांगल्या दोन गाड्या मावतील एवढ्या अंतरावर पोचलेली असते. तेवढं अंतर मागचं चाक धड रस्त्यावर नव्हतं.

तिसरी गोष्ट झिप टायची. शॉकअपचा रॉड उघडा दिसत असेल तर त्याच्यावर एक बारीक झिप टाय हलकासा बांधा, सरकेल इतका सैल, आणि सीलपाशी आणून ठेवा. राइडवरून आलात की तो जिथे सरकलेला असेल तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला होता. साध्या रस्त्यावरही तो दरवेळी पार रबराच्या स्टॉपरला जाऊन टेकत असेल तर काहीतरी नक्की चुकतंय. स्टॉपरकडेही बघून घ्या. काळे तुकडे पडत असतील, रबर भुगा झालेलं असेल तर धक्के कित्येक दिवस थेट चॅसीपर्यंत पोचतायत.

याशिवाय कशावरून कळतं?

समोरून येणारे लोक रात्री सारखे डिपर मारतात, आणि तुम्ही तर लो बीमवर असता. मागचा भाग खाली बसला की हेडलाइट वर जातो. मागचा टायर गोल झिजायच्या ऐवजी खाचाखाचांनी झिजतो, हात फिरवला की उंचसखल लागतो. मागे बसलेली व्यक्ती तक्रार करायला लागते. तिची तक्रार गांभीर्याने घ्या, तिला तुमच्यासारखी सवय झालेली नसते.

रॉडवर तेलाचा ओलसर थर दिसतोय. गेला का?

बोट फिरवल्यावर जेमतेम तेलकट लागत असेल तर घाबरू नका, सील थोडं तेल बाहेर आणतंच. पुसा, २०० किलोमीटर चालवा, पुन्हा बघा. थेंब लटकत असेल, धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल, किंवा तेल स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) ओघळलं असेल तर तो गेला. तेल टायरवर किंवा मागच्या डिस्कवर जातंय का ते त्याच क्षणी बघा. जात असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

प्रीलोड वाढवला की भागतं ना?

नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. हुक पान्याने रिंग फिरवून प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) वाढवला की गाडीचा मागचा भाग उंच होतो, एवढंच. स्प्रिंग कडक होत नाही आणि डॅम्परमध्ये काहीही बदल होत नाही. उलट मेलेल्या डॅम्परवर प्रीलोड वाढवला तर स्प्रिंग आणखी जोरात गाडी वर फेकते. प्रीलोडचं खरं काम वजनाप्रमाणे सॅग पुन्हा जागेवर आणणं. बायको मागे बसली आणि पॅनियर भरले की दोन-तीन खाचा वाढवा, परत एकटे चालवताना पूर्ववत करा. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी गाडी घेतल्यापासून तो पाना टूलकिटमधून बाहेरच काढलेला नव्हता. कंपनीने दिलाय, वापरा.

टॉप बॉक्सबद्दलही सांगतो. तो एक्सलच्याही मागे लटकतो, त्यामुळे तिथलं १० किलो सीटवरच्या १० किलोपेक्षा शॉकअपला जास्त जड पडतं. जड वस्तू पॅनियरच्या तळाशी, हलक्या टॉप बॉक्समध्ये.

दोनपैकी एकच शॉकअप लीक झालाय. एकच बदलू?

दोन्ही बदला. एक नवा आणि एक थकलेला असेल तर स्विंगआर्मवर दोन बाजूंनी वेगवेगळी ताकद येते.

दोन शॉकअपवाल्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून थांबलात की हाताची मागची बाजू दोन्ही शॉकअपच्या नळीजवळ न्या, सायलेन्सरपासून हात सांभाळून. दोन्ही सारखेच कोमट असायला हवेत. काम करणारा डॅम्पर तापतोच. एक गरम आणि एक थंड असेल तर जो थंड आहे तो गेलेला.

नवा घेण्याऐवजी तेल बदलून मिळतं का?

इथे मी पैसे आणि एक पूर्ण सहल घालवली आहे. कुंभार्लीच्या प्रसंगानंतर एका गॅरेजमध्ये 'शॉकअप भरून देतो' म्हणाले. संध्याकाळी गाडी मिळाली, कडक वाटली, मी खूश. ७०० किलोमीटरनंतर रत्नागिरीच्या अलीकडे ती पहिल्यापेक्षा वाईट झाली. नंतर दुसऱ्या, जाणत्या मिस्त्रीकडे शॉकअप उघडून घेतला तेव्हा आतून इंजिन ऑइल निघालं, आणि नायट्रोजन भरलेलाच नव्हता. इंजिन ऑइल घट्ट असल्यामुळे दोन दिवस कडक वाटतं, मग तापून त्याचा फेस होतो. सीलची कडही त्यांनी स्क्रूड्रायव्हरने ओरबाडली होती.

म्हणून आधी हे समजून घ्या की तुमचा शॉकअप उघडण्यासाठी बनवलेला आहे का. कंपनीचे बरेचसे शॉकअप कडा दाबून कायमचे बंद केलेले असतात. ते कापून, वेल्डिंग करून 'रिपेअर' करणाऱ्यांच्या वाटेला मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. ज्यांना गॅस भरायचा व्हॉल्व्ह आणि सुट्टा होणारा सील हेड असतो, ते व्यवस्थित दुरुस्त होतात: योग्य जाडीचं सस्पेन्शन ऑइल, नवं सील, नवे बुश, आणि शेवटी ठरलेल्या दाबाचा नायट्रोजन. गॅरेजला एवढंच विचारा, 'नायट्रोजन किती दाबाने भरता आणि गेज दाखवाल का?' उत्तर चटकन आलं नाही तर गाडी परत आणा. आणि गॅसचा शॉकअप घरी उघडायचा प्रयत्न कृपा करून करू नका. आतला दाब टायरमधल्या हवेच्या कित्येक पट असतो, सुटलेला भाग डोळा घेऊन जाईल.

सगळे म्हणतात शॉकअप गेला, पण बदलूनही गाडी कडकच आहे.

लिंकेज बघा. मोनोशॉकच्या अनेक गाड्यांमध्ये, हिमालयनमध्येही, शॉकअप आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये छोटे सांधे असतात, त्यांत सुईसारख्या रोलरचे बेअरिंग असतात. ते मागच्या चाकाच्या समोरच, चिखलाच्या माऱ्यात बसलेले असतात. ग्रीस धुवून गेलं की गंज चढतो आणि सांधे अडकून बसतात. माझ्या गाडीचं लिंकेज पहिल्यांदा उघडलं तेव्हा एका बेअरिंगमधून ग्रीसच्या जागी तांबूस पूड हातावर पडली. तेव्हापासून दर दिवाळीला, पावसाळा उलटला की, लिंकेज उघडून साफ करून ग्रीस भरून घेतो. हे काम सर्व्हिसच्या यादीत नसेल तर स्वतः सांगून करून घ्या.

कोकणात राहतो. काही वेगळी काळजी?

खारी हवा रॉडच्या क्रोमला लागते. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढा जरी गंजाचा खड्डा पडला तरी तो प्रत्येक धक्क्याला सीलवरून घासत जातो आणि सील फाडतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रॉड पुसून कोरडा करा. वॉशिंग सेंटरवाल्याला शॉकअपच्या सीलवर आणि लिंकेजवर जवळून प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, त्या पाण्याने घाण सीलच्या आत ढकलली जाते. आणि मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात ये-जा असेल तर मी वर दिलेल्या आकड्यांतला खालचा आकडा आपला समजा.

गाडी सहा वर्षांची आहे, पण फक्त १२,००० किलोमीटर चाललीय.

किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय वाढतंच. सील कडक झालेलं असू शकतं, गॅस उतरलेला असू शकतो. लांब राइडआधी वरच्या तीनही चाचण्या करा आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सीलपाशी तेल दिसतंय का ते बघा.

स्पितीला किंवा लडाखला जायच्या आधी शॉकअप बदलू का?

३०,००० च्या पुढे असेल आणि चाचणीत जरा जरी शंका आली तर हो, आणि निघायच्या किमान महिनाभर आधी. मनालीहून स्पितीला जाताना लागणाऱ्या ग्राम्फू ते बातल या पट्ट्यात तासन्‌तास दगडगोट्यांवरून चालवावं लागतं. शॉकअपला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. तेल तापून पातळ होतं आणि कराड-पुणे रस्त्यावर ठणठणीत असलेला शॉकअप तिथे दुपारपर्यंत हात टेकतो. तसं झालंच तर थांबा, चहा घ्या, अर्धा तास जाऊ द्या. तेल थंड झालं की बराचसा दम परत येतो. आणि तिथे दुपारनंतर नाल्यांचं पाणी वाढतं, म्हणून हा थांबा धरूनच सकाळी लवकर निघा.

बाहेरचा महागडा शॉकअप घ्यावा का?

एकटे चालवत असाल, तुमचं वजन सरासरी असेल आणि कंपनीच्या शॉकअपवर नाराजी नसेल तर कंपनीचाच नवा घ्या. वजन जास्त असेल किंवा कायम दोघं आणि सामान असेल तर बाहेरचा घ्यायला अर्थ आहे, कारण तिथे तुमच्या वजनाची स्प्रिंग निवडता येते आणि शॉकअप पुन्हापुन्हा उघडून दुरुस्त करता येतो. स्वीडनची ओहलिन्स १९७६ पासून हेच काम करतेय, थायलंडची वायएसएसही आपल्याकडे बऱ्यापैकी दिसते. पण विकत घेण्याआधी तो उघडून भरून देणारा माणूस तुमच्या शहरापासून किती लांब आहे ते शोधा. महागडा शॉकअप दर २०-२५ हजार किलोमीटरला सर्व्हिस मागतो. ती केली नाही तर तोही कंपनीच्या शॉकअपसारखाच थकतो.

पैशांची अडचण आहे. गेलेल्या शॉकअपवर अजून किती दिवस चालवू?

गावात, हळू, एकटे, नवा येईपर्यंत. घाट नको, रात्र नको, मागे कोणी नको. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबला की उडणाऱ्या चाकाला पकड मिळत नाही, एबीएस पुन्हापुन्हा ब्रेक सोडतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. नवीन टायर, मोबाइल होल्डर, फॉग लॅम्प यांच्या यादीत शॉकअप सगळ्यात वर ठेवा. मी फॉग लॅम्प आधी घेतले होते.

जुनी गाडी विकत घेतोय, काय बघू?

मालकाला मागे बसवून एक फेरी मारा. तेवढ्या वजनावर स्पीडब्रेकरला खालून 'धाड' आवाज आला, किंवा ब्रेकर ओलांडल्यावर मागचा भाग दोनदा हलला, तर नव्या शॉकअपची किंमत शोरूममध्ये फोन करून विचारा आणि ती गाडीच्या बोलीतून वजा करा.